आठ आण्यांची विकेट

क्रिकेटच्या जुन्या गोष्टी निघाल्या की आपल्या विदर्भात पहिले नाव येते ते कर्नल सी. के. नायडूंचे. ते साहजिकच आहे. नागपूर हे त्यांचे जन्मगाव. १९२६ साली मुंबईत एम.सी.सी.च्या गोऱ्या गोलंदाजांना त्यांनी मारलेल्या अकरा षटकारांची कहाणी आमच्या गोंदियात वडीलधारी मंडळी अशा थाटात सांगत, की जणू ती स्वतः बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाशी उभी होती. पण नायडूंनी बॅट हाती घेण्याच्या बऱ्याच आधी, या देशातला पहिला खराखुरा मोठा गोलंदाज मैदान गाजवून गेला होता. त्याला कसोटी सामना खेळायला मिळाला नाही, कारण त्याच्या उमेदीच्या काळात हिंदुस्थानचा कसोटी संघच नव्हता. त्याचे नाव पालवणकर बाळू.

मी आयुष्यभर बँकेत खातेवह्या तपासल्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. या दोन्ही धंद्यांची एक सवय अंगी भिनलेली आहे. आकड्यांच्या रांगेतून माणूस शोधायचा आणि माणसाच्या गोष्टीतला आकडा पडताळून पाहायचा. बाळूंच्या बाबतीत दोन्ही करावेसे वाटले. 'लगान' हा चित्रपट २००१ साली आला, त्यातला कचरा नावाचा फिरकी गोलंदाज पाहून अनेकांना बाळूंची आठवण झाली. पण धान कापून झाल्यावर आमच्याकडच्या मोकळ्या बांध्यांत यष्ट्या रोवून खेळणाऱ्या पोरांना विचारा, दहातल्या एकालाही हे नाव ठाऊक नसते.

बाळूचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणे मूळचे कोकणातले, पालवण गावचे, म्हणून पालवणकर. जात चर्मकार. (लहानपणापुरते त्याला एकेरीत संबोधतो, पुढे तसे लिहायला हात धजणार नाही.) वडिलांची नोकरी लष्कराशी संबंधित, त्यामुळे मुले पुण्यात वाढली. छावणीतले गोरे अधिकारी क्रिकेट खेळत आणि झिजलेले चेंडू, तडकलेल्या बॅटी टाकून देत. बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम यांची क्रिकेटची पहिली शाळा या टाकाऊ सामानावर भरली. पुढे गणपत आणि विठ्ठल हेही भाऊ त्याच शाळेत दाखल झाले. चौघेही नामांकित क्रिकेटपटू झाले, ही गोष्ट आजच्या काळातही नवलाची वाटावी.

त्या काळी आपल्याकडे क्रिकेटमध्ये शिरण्याचे दोन दरवाजे होते. एक कॉलेजचा. एल्फिन्स्टन, डेक्कन, फर्ग्युसन अशा कॉलेजांतून खेळून नाव कमवायचे, मग जिमखान्याचे सभासद व्हायचे, मग आपल्या समाजाच्या संघात यायचे. दुसरा दरवाजा मागचा होता, माळ्याच्या आणि झाडूवाल्याच्या वाटेचा. बाळू त्या दुसऱ्या दरवाजाने आला. पुण्यात पारशी मंडळींचा एक क्रिकेट क्लब होता. तिथे खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा आणि सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे, असे काम त्याला मिळाले. पगार महिना तीन रुपये.

१८९२ च्या सुमारास तो गोऱ्यांच्या पुणे क्लबात गेला. वय सोळाच्या आसपास. पगारात एक रुपयाची बढती, म्हणजे चार रुपये. काम तेच, शिवाय टेनिसची मैदाने आखायची, जाळी बांधायची. तिथल्या एका गोऱ्या सभासदाने या पोराला जाळीत गोलंदाजी करायला लावले आणि त्याच्या डाव्या हातात काय आहे, हे क्लबाला कळले.

या क्लबात कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचा फलंदाज होता. इंग्लंडमध्ये तो हॅम्पशायर कौंटीकडून खेळलेला. जॉन ग्लेनी हे त्याचे नाव देशी जिभांवर जंगली झाले आणि तो कायमचा जंगली ग्रेग झाला. (गंमत अशी, की हा गृहस्थ पुढे लष्करातून निवृत्त होऊन कॅथलिक धर्मगुरू झाला.) ठेंगणा, चपळ, आणि हिंदुस्थानातल्या गोऱ्यांमध्ये त्या काळचा सर्वोत्तम फलंदाज. तो इतर सभासदांच्या आधी एक तास मैदानावर यायचा आणि बाळूला गोलंदाजी करायला लावायचा. आख्यायिका अशी, की बाळूने आपल्याला बाद केले की ग्रेग दर खेपेला आठ आणे द्यायचा.

बँकवाल्याच्या नजरेने हा हिशेब मांडून पाहा. महिन्याचा पगार चार रुपये, म्हणजे चौसष्ट आणे. ग्रेगला महिन्यातून आठ वेळा बाद केले की दुसरा पगार हातात. सोळा-सतरा वर्षांच्या, घरी खाणारी तोंडे पुष्कळ असलेल्या मुलाला याहून चांगली प्रशिक्षण योजना कुणी दिली असती? ग्रेगला आठ आणे हा किरकोळ खर्च, त्याच्या मोबदल्यात त्याची फलंदाजी तयार होत होती. बाळूसाठी मात्र प्रत्येक चेंडू हा पैशाचा व्यवहार होता. त्यामुळे टप्पा चुकवायची चैन त्याला परवडणारी नव्हती. पुढे ज्या अचूकतेची वाखाणणी झाली, तिचा उगम माझ्या मते या आठ आण्यांत आहे.

आणि तरीही या सगळ्या वर्षांत पुणे क्लबात त्याच्या हाती कुणी बॅट दिली नाही. शेकडो तास त्याने चेंडू टाकले, फलंदाजीचा सराव मात्र एकदाही नाही. ती साहेबाची कला. यात नुसता काळा-गोरा भेद नव्हता. खुद्द इंग्लंडात हाच रिवाज होता. हौशी खेळाडू म्हणजे जंटलमन, पगारी खेळाडू म्हणजे प्लेअर. दोघांची कपडे बदलायची खोली वेगळी, मैदानात उतरायचे फाटक वेगळे. धावफलकाच्या छापील कागदावर जंटलमनची आद्याक्षरे आडनावाच्या आधी आणि पगारी खेळाडूची आडनावानंतर. फलंदाजी बहुधा पहिल्याने करायची आणि घाम गाळून दिवसभर गोलंदाजी दुसऱ्याने. ही विभागणी तिथे १९६२ पर्यंत टिकली. म्हणजे उतरंड साहेबाचीही होती. आपल्याकडे आल्यावर तिला आपल्या उतरंडीचे आणखी काही थर चढले, एवढेच.

पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते. गोऱ्यांच्या सर्वोत्तम फलंदाजाला रोज बाद करणारा मुलगा त्यांच्याच धर्मातला, त्यांच्याच गावातला, पण अस्पृश्य मानलेल्या जातीतला. घ्यायचे की नाही यावर क्लबात दोन तट पडले. तेलुगू सभासद घ्या म्हणत होते, काही ब्राह्मण सभासदांना ते रुचत नव्हते. अशा गोलंदाजाला बाहेर ठेवणे हा वेडेपणा आहे, असे मत ग्रेगने जाहीरपणे दिल्याचे सांगतात. शेवटी जिंकण्याची हौस विटाळाच्या धास्तीवर मात करून गेली आणि बाळू संघात आला.

संघात आला म्हणजे काय झाले, तेही ऐकण्यासारखे आहे. मैदानात त्याने हाताळलेला चेंडू सगळे हाताळत. चामड्याचा चेंडू, त्यावर बाळूचा घाम, तो झेलताना कुणाला काही वाटत नसे. चहाची सुट्टी झाली की बाकीचे दहा जण आत तंबूत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत आणि बाळूला तो बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात मिळे. हात-तोंड धुवायचे तर त्याच्यासारखाच एक अस्पृश्य नोकर पाणी घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात जाई. जेवणाचे ताट वेगळे, टेबल वेगळे.

मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत, म्हणजे १९८० नंतरच्या दशकात, पूर्व विदर्भातल्या एका आडगावी शाखेत होतो. गावाचे नाव सांगत नाही. एस.टी. थांब्याजवळच्या चहाच्या टपरीत भिंतीतल्या कोनाड्यात तीन-चार काचेचे ग्लास उपडे ठेवलेले असत. ते कुणाचे, हे विचारावे लागत नसे. ज्यांचे ते असत, ते स्वतःच घेत, चहा पिऊन स्वतःच विसळत आणि पुन्हा कोनाड्यात उपडे घालत. त्यांतलेच काही जण सकाळी आमच्या काउंटरवर पीककर्जाचे पैसे मोजून घेत, नोटा कॅशियरच्या हातातून थेट त्यांच्या हातात जात. नोटेला विटाळ नव्हता, ग्लासाला होता. बाळूच्या मातीच्या भांड्याविषयी वाचताना मला तो कोनाडा दिसला. मध्ये नव्वद वर्षे गेली होती.

असो. पुण्याच्या हिंदूंनी गोऱ्यांना हरवायला सुरुवात केली. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याने त्यांना खेळायला बोलावले तेव्हा बाळूची धास्ती एवढी होती, की त्याची फिरकी बोथट व्हावी म्हणून आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी फरशीसारखी सपाट करून ठेवली होती, असे सांगतात. ज्याने उमेदीची वर्षे रोलर ओढण्यात घालवली, त्याला रोलरचा धाक घालायचा! बाळूने तिथे सात बळी घेतले. या विजयानंतरच्या सत्काराच्या वेळी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी हिंदू खेळाडूंना सुनावले, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायलाही हरकत नसावी. रानड्यांसारख्या माणसाने हे चारचौघांत सांगणे, याला त्या पुण्यात वजन होते.

प्लेगच्या साथीच्या काळात, १८९६ च्या सुमारास, बाळूंनी पुणे सोडले आणि ते मुंबईला आले. समुद्रकाठी परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना दोनच वर्षांपूर्वी स्थापन झाला होता. तिथेही पुण्याचाच प्रयोग पुन्हा झाला. काही सभासदांचा विरोध, मग कीर्तिकर नावाच्या कर्णधाराचा आग्रह, मग प्रवेश. पोटासाठी रेल्वेची नोकरी आणि खेळण्यासाठी जिमखाना अशी बाळूंची घडी बसली. शिवरामही येऊन मिळाले.

ते गोलंदाजी कशी करत, याचे चित्रण कुठे नाही, पण वर्णने आहेत. डावखुरी संथ फिरकी, दोन्ही बाजूंना वळवण्याची कला, टप्प्यावर कमालीचा ताबा, वेगात आणि उंचीत सतत फरक, आणि न थकता दिवसभर एका टोकाकडून टाकत राहण्याची ताकद. त्यांना हिंदुस्थानचा ऱ्होड्स म्हणत. विल्फ्रेड ऱ्होड्स हा यॉर्कशायरचा डावखुरा फिरकीपटू, चार हजारांवर बळी घेणारा. उपमा गोलंदाजीपुरती होती, पण ती दुसऱ्या अर्थानेही लागू पडते. ऱ्होड्सही पगारी खेळाडू होता, त्यामुळे एवढा थोर असून यॉर्कशायरचा नियुक्त कर्णधार तो कधीच झाला नाही. कर्णधार जंटलमनच हवा. इंग्लंडने या शतकात पहिला पगारी कर्णधार नेमला तो लेन हटन, आणि तोही १९५२ साली. विसाव्या शतकाबद्दल बोलतोय मी. जुन्या माणसांच्या तोंडी अजून तेच 'हे शतक' असते.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन हे संघ प्रथमच समोरासमोर आले. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या, युरोपियनांनी १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. गोऱ्यांचे दोन्ही डाव गुंडाळण्याचा मुख्य भार बाळू आणि एरॅशा या दोघांनी उचलला. वंगभंगाचा आणि स्वदेशीचा तो काळ. रशियावरच्या जपानच्या विजयाची चर्चा अजून ताजी होती. अशा वेळी राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच नियमांनी हरवले, म्हणून गिरगावापासून काळबादेवीपर्यंत लोकांना हर्ष झाला. पण समाजसुधारकांच्या पत्रांनी या सामन्यातली वेगळीच गोष्ट हेरली. पालवणकर बंधू आता जिमखान्यात इतरांच्या पंगतीला बसून जेवत होते. पुण्यातल्या त्या मातीच्या भांड्यापासून इथवर यायला बाळूंना दहा-बारा वर्षे आणि काही शे विकेट लागल्या होत्या.

पुढच्या वर्षी पारशी आले आणि स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ साली मुसलमान आले आणि चौरंगी झाली. दर वर्षी मुंबईत तंबू पडत, कचेऱ्या ओस पडत.

१९११ साली हिंदुस्थानचा पहिला सर्वधर्मीय संघ इंग्लंडला गेला. पारशी, हिंदू, मुसलमान, आणि कर्णधार पतियाळाचे शीख महाराज भूपिंदरसिंग, वय अवघे एकोणीस. महाराजांना क्रिकेटपेक्षा लंडनच्या मेजवान्या आणि पंचम जॉर्जचा राज्यारोहण सोहळा जास्त महत्त्वाचा, ते थोडेच सामने खेळले. थंडी, पाऊस, अनोळखी खेळपट्ट्या, एकामागून एक सामने. संघाने एकंदर २३ सामन्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले. दौरा फसला असेच म्हणायला हवे. त्या पडझडीत एक माणूस उभा होता, त्याचे वय पस्तीस होते आणि त्याचा खांदा दुखत होता. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी. लँकेशायरविरुद्ध ८३ धावांत ७. लेस्टरशायरविरुद्ध दोन्ही डावांत मिळून ११, आणि हा सामना हिंदुस्थानने जिंकला. दुसरा कौंटी विजय सॉमरसेटवर, एका गड्याने. तो शिवरामांच्या नाबाद ११३ धावांमुळे. दौऱ्यात बाळूंनी एकूण ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. गोलंदाजीतले आकडे ज्यांना कळतात ते इथे थोडे थांबतील. ज्या संघाचे झेल सुटताहेत आणि फलंदाजी कोसळते आहे, त्या संघाच्या थकलेल्या गोलंदाजाची ही सरासरी आहे. त्याच्यामागे तितकाच दुसरा गोलंदाज असता तर दौऱ्याची कथा वेगळी झाली असती.

परत आल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्यांना दिलेले मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने तयार केले होते, असे अभ्यासक सांगतात. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. तेव्हा ते वीस वर्षांचे होते. आपल्या समाजातला एक माणूस केवळ हुन्नराच्या जोरावर सगळ्या देशाला माहीत झाला आहे, ही गोष्ट त्या वयात त्यांना किती मोलाची वाटली असेल याची कल्पना करता येते. पुढे काय घडले, ते लक्षात घेता हा प्रसंग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

आता कर्णधारपदाची कहाणी. १९१० पासून दहा वर्षे दर हंगामात एकच प्रश्न निघे, हिंदूंच्या संघातला सर्वांत अनुभवी, सर्वांत यशस्वी खेळाडू कर्णधार का नाही? खुद्द तेव्हाचे कर्णधार एम. डी. पै यांनीच जाहीर सभेत बोलून दाखवले होते, की हा मान खरे तर बाळूंचा होता. पै सारस्वत ब्राह्मण. त्यांच्या तोंडून हे आले, निवड समितीच्या कानांवर गेले, आणि तिथेच राहिले. बाळूंनी स्वतः या मानासाठी कुणाकडे खेटे घातल्याचे दिसत नाही. ते येत, गोलंदाजी करत, बळी घेत.

१९२० साली मात्र कडेलोट झाला. समितीने आधी बाळूंना संघातूनच वगळले. मग पै आजारी पडले आणि कर्णधारपद पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांकडे गेले. देवधर मोठे फलंदाज, सर परशुरामभाऊ कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक, पुढे महाराष्ट्राला दोनदा रणजी करंडक मिळवून देणारे. त्यांची योग्यता वादातीत. पण विठ्ठल आणि शिवराम हे दोघेही त्यांच्याहून ज्येष्ठतेत कमी नव्हते, आणि कॉलेजचा दरवाजा पुन्हा एकदा मागच्या दरवाजाला सरस ठरला, असा अर्थ त्यातून निघाला. दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि आपली बाजू पत्र प्रसिद्ध करून मांडली. जात आड आली, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. त्याच वर्षाच्या अखेरीस इकडे नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि त्यात अस्पृश्यतेचा कलंक धुऊन काढण्याचे आवाहन हिंदूंना केले गेले. वाऱ्याची दिशा समितीलाही कळली. बाळू पुन्हा संघात आले, उपकर्णधार म्हणून. भाऊ परतले. पै बरे होऊन आले आणि सामना चालू असताना मुद्दाम काही काळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे बाळूंना नेतृत्व करता यावे. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, थोड्या वेळापुरते, पालवणकर बाळू हिंदूंच्या संघाचे कर्णधार होते.

पैंचे ते मैदानाबाहेर जाणे मला कधी थोर वाटते आणि कधी त्याचा रागही येतो. एवढ्या मोठ्या गोलंदाजाला जे मिळाले, ते अशा आडवाटेने.

अमेरिकेतही तेव्हा हेच चालले होते. तिथला बेसबॉल हा चेंडूफळीचाच भाऊबंद, आणि चेंडू टाकणाऱ्या पिचरला तिथे आपल्या गोलंदाजापेक्षाही जास्त मान. पण मुख्य व्यावसायिक लीगमध्ये काळ्या खेळाडूला मज्जाव होता. त्याच १९२० साली रूब फॉस्टर नावाच्या, एकेकाळी पिचर म्हणून गाजलेल्या काळ्या माणसाने आपल्या लोकांची वेगळी लीग उभी केली. बंदी मोडायला १९४७ साल आणि जॅकी रॉबिन्सन यावा लागला. सॅचेल पेज हा थोर पिचर तर १९४८ साली मोठ्या लीगमध्ये आला तेव्हा त्याची चाळिशी उलटून गेलेली होती. बाळूंचे वय आठवते. फरक इतका, की बाळूंना मैदानात घेतले होते. आपल्याकडचा मज्जाव मैदानाच्या कडेला, चहाच्या पेल्यापाशी आणि समितीच्या खोलीत होता.

बाळूंना जे मिळाले नाही ते तीनच वर्षांनी विठ्ठलांना मिळाले. १९२३ साली ते हिंदूंचे कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि विठ्ठलांना उच्चवर्णीय तरुणांनी खांद्यावर घेऊन मिरवले. विठ्ठलांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' नावाचे आत्मचरित्र मराठीत लिहिले. बाळूंनी काही लिहिले नाही. त्यांच्याविषयी आज जे माहीत आहे त्याचा मोठा भाग या धाकट्या भावाच्या लेखणीमुळे आणि नंतर रामचंद्र गुहांसारख्या इतिहासकाराच्या चिकाटीमुळे.

बाळूंची प्रथम श्रेणीची नोंद ३३ सामन्यांची आहे. १७९ बळी, सरासरी १५.२१. या नोंदीची सुरुवातच १९०६ च्या सामन्यापासून होते, म्हणजे तिशी गाठल्यावर. त्याआधीची दहा-पंधरा वर्षे, पुण्याचा तो ग्रेग, तो सातारा, कुठल्याच खात्यात जमा नाहीत. आणि एक आकडा मला विशेष आवडतो. ७५३ धावा. पुणे क्लबात ज्याला बॅट कधी मिळाली नाही, त्याने एवढ्या धावा कुठेतरी शिकून काढल्या.

खेळ सुटल्यावर ते राजकारणात ओढले गेले आणि इथे गोष्ट अवघड होते. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर हिंदुस्थान पहिली कसोटी खेळला, कर्णधार आपले नायडू. तीनच महिन्यांनी, सप्टेंबरात, अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण आरंभले. २४ तारखेला पुणे करार झाला. बाळू गांधीजींच्या बाजूचे. एम. सी. राजांबरोबर त्यांनी तडजोडीसाठी धडपड केली आणि करारावर सहीही केली. ज्या पुण्यात त्यांनी रोलर ओढला, त्याच पुण्यातला हा करार. आंबेडकरांनी १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, तेव्हाही बाळूंनी विरोध केला. ज्या हिंदू संघासाठी सारे आयुष्य खर्ची घातले, त्यातून बाहेर पडायची भाषा त्यांना मानवली नाही. त्यांच्या बाजूने पाहिले तर हे समजते. पेला मातीचा होता तो चिनी मातीचा झाला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आंबेडकरांच्या बाजूने पाहिले तर तेही समजते. पेला बदलायला विकेट का घ्याव्या लागाव्यात? विकेट न घेणाऱ्या लाखो लोकांचे काय? आज मागे वळून पाहताना मला आंबेडकरांचा सवाल जास्त खोल वाटतो. तसे मी लिहून ठेवतो. बाळूंविषयीचा आदर त्याने कमी होत नाही.

१९३७ च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने आंबेडकरांविरुद्ध उमेदवार दिला तो बाळू पालवणकर. एकेकाळी ज्यांच्या सत्कारात आपण पुढाकार घेतला, त्यांच्याशीच लढायचे होते. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. दोन हजार वीस मतांचा फरक. साठीतल्या निवृत्त गोलंदाजाने देशातल्या सर्वांत विद्वान नेत्याला एवढे जवळ गाठले, यावरून गिरणगावात त्यांच्या नावाला काय किंमत होती ते दिसते.

आंबेडकर १९५२ साली मुंबईतून लोकसभेची निवडणूक हरले. १९५४ ची पोटनिवडणूक त्यांनी लढवली ती आमच्या भंडाऱ्यातून. गोंदिया जिल्हा १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता, त्यामुळे त्या निवडणुकीच्या आठवणी आमच्याकडच्या घरांत मी लहानपणी भरपूर ऐकल्या आहेत. धानाच्या बांधांवरून, बोड्यांच्या काठाने सभेला चालत गेलेल्या माणसांनी त्या मला सांगितल्या. इथेही ते हरले, काँग्रेसच्याच उमेदवाराकडून. म्हणजे बाळूंना हरवणाऱ्या आंबेडकरांना पुढे दोनदा मतदारांनी नाकारले, हाही इतिहासाचा एक वाकडा चेंडू.

मुंबईत वृद्ध बाळू तेव्हा हयात होते. विनू मंकड हा आणखी एक डावखुरा फिरकीपटू तोवर जगभर गाजला होता. त्याला बॅटही मिळाली होती आणि चेंडूही. ४ जुलै १९५५ रोजी पालवणकर बाळू गेले. मुंबईत ते पावसाचे दिवस होते, मैदाने बंद होती.